वरचं पाणी

चैत्र निम्मा सरला की परतूरच्या गच्च्या साड्या नेसतात. कुणाची उडालेल्या रंगाची नायलॉनची, कुणाची लग्नातली, जरीचे धागे निघालेली. चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवून साडी ताणायची आणि तिच्यावर ओल्या कुरडया मांडायच्या, ओळीनं, एकमेकींना चिकटणार नाहीत अशा. नऊ वाजताच जिन्याची पायरी चटका देते. लिंबाचा मोहोर वाऱ्यावर उडत येतो, कुरडयांवर बसतो आणि बाया तो नखानं टिपत बसतात. मोंढ्याकडून धान्याच्या धुळीचा वास येतो, स्टेशनाकडून गाडीचा भोंगा. आणि घराघरातून येतो तीन दिवस भिजलेल्या गव्हाचा आंबूस वास.

हा वास मला फार आवडतो, असं मी वीसेक वर्षं लोकांना सांगत आलो. सांगताना डोळेही मिटतो. खरं असं आहे, की हा वास नाकात गेला की माझ्या कानाच्या पाळ्या गरम होतात, आणि मग मी घाईघाईनं काहीतरी विनोद करतो.

यंदाच्या रविवारी आमची स्नेहल आणि जावई अमोलराव जालन्याहून आले होते. दोघंही तिकडे नोकरीला. लग्नाला वर्ष व्हायचंय. सकाळीच मायलेकींनी कुरडयांचा घाट उरकला. चीक शिजवला बायकोनं, सोऱ्या दाबला स्नेहलनं. दुपारी पन्हं पिऊन आम्ही सगळे कूलरसमोर आडवे-तिडवे पडलो, आणि अमोलरावांनी मोबाइलवरून टीव्हीवर एक जुना सिनेमा लावला. सिनेमा म्हणजे इवलासा, वीस मिनिटांचा. काळा-पांढरा, मुका, कुठल्या तरी दूरदेशीचा. मधेमधे पाटीवर अक्षरं यायची, ती कुणी वाचली नाहीत. वाचायची गरजच नव्हती. बायको माहेरी जाते आणि मिशीवाला नवरा घर सांभाळतो, एवढीच गोष्ट. त्यानं कणीक मळली, ती हाताला चिकटली. हात झटकला तर भिंतीला चिकटली. इस्त्री शर्टावर ठेवून तो दाराशी आलेल्या पोस्टमनशी बोलत बसला. चुलीवरचं पातेलं उतू गेलं, ते पुसायला त्यानं घेतला तो बायकोचा ठेवणीतला झगा. अमोलराव लोळून हसत होते. मीही हसत होतो. शेवटी बायको पेटी घेऊन दारात उभी राहते, नवरा केविलवाणं तोंड करतो, आणि सिनेमा संपतो.

"मामा," अमोलराव डोळे पुसत म्हणाले, "हा तर बिलकुल तुम्हीच! मिशी सोडली तर."

"मिशी होती तेव्हा," मी म्हणालो. "चिकात गेली."

झालं. एवढंच पुरतं. "सांगा ना मामा, ती चिकाची गोष्ट. मला हिनं सांगितली, पण तुमच्या तोंडून न्हाई ऐकली."

आमच्या नात्यागोत्यात या गोष्टीला मागणी आहे. बारशाला, साखरपुड्याला, एकदा तर तेराव्याला, दुःख जरा हलकं व्हावं म्हणून, मला ती सांगायला लावली आहे. हायस्कुलातली पोरं मला पाठीमागं 'चीकसर' म्हणायची, ते मला ठाऊक होतं आणि मनातून बरंही वाटायचं. कुठल्याही घरी गेलो की बाया पदर तोंडाला लावून आधीच हसायला लागतात. माणसाला आयुष्यात काहीतरी एक चांगलं जमावं. मला हे जमलं.

गोष्ट त्या उन्हाळ्याची. स्नेहल तेव्हा पाच-सहा वर्षांची. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न वैशाखात ठरलेलं, आणि रुखवतातल्या कुरडया मोठ्या वहिनीनं करायच्या हे आमच्याकडे सांगावंही लागत नाही. गहू निवडून झाला, आणि नेमकी त्याच आठवड्यात माझी बायको, सुनंदा, गच्चीवरून गादी उतरवताना जिन्यात घसरली. उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, हात गळ्यात अडकवला आणि सांगितलं, "सहा आठवडे या हातानं चमचासुद्धा उचलायचा नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, आता तुम्ही."

"बराबर," मी म्हणालो. छाती काढून म्हणालो.

पहिले आठ दिवस मी मनापासून केलं, हे मला नोंदवू द्या. पुढं नोंदवण्यासारखं फारसं नाही. दूध उतू गेलं ते खरंच गेलं. खिचडीत मीठ दोनदा पडलं ते खरंच दोनदा पडलं. स्नेहलची वेणी घातली तर तिच्या बाईंनी शाळेत ती सोडून पुन्हा घातली. माझ्या भाकरीला पाहून सुनंदा म्हणाली, "ही कोणत्या जिल्ह्याची हो?" आणि डाव्या हातानं तोंड दाबून हसली. शेजारच्या नूरभाभी भिंतीवरून रोज विचारायच्या, "भाईसाब, आज क्या जलाये?" मी सांगायचो. त्या हसायच्या. मी ते स्टाफरूममध्ये सांगायचो. मास्तरलोक हसायचे.

आणि तिथंच कुठंतरी मला शोध लागला. भाकरी जळली की लोक हसतात, आणि हसून झालं की नूरभाभींच्या घरून डब्यात चार पोळ्या येतात. भाकरी चांगली झाली तर कुणी काही म्हणत नाही, आणि उद्या पुन्हा करावी लागते. दहाव्या दिवशी मी तव्यावर भाकरी टाकून पेपर तपासायला बसलो. वार्षिक परीक्षेचे गठ्ठे होतेच. धूर दिसत होता मला. "अहो, जळून राह्यली ना!" सुनंदानं आतून हाक मारली, तेव्हा मी दचकल्यासारखं केलं. दचकणं मला बरं जमायला लागलं होतं.

अमोलरावांना मी हे काही सांगितलं नाही. त्यांना मी नेहमीची गोष्ट सांगितली. म्हणजे अशी: तीन दिवस गहू भिजला. नूरभाभींनी येऊन तो वाटून दिला, पिळून गाळून दिला, चोथा बाजूला काढला. पांढरंशुभ्र दुधासारखं पाणी मोठ्या पातेल्यात रात्रभर ठेवलं. सकाळी सुनंदा म्हणाली, "अहो, वरचं पाणी तेवढं ओतून द्या. मंग चीक शिजवायला घेऊ." मी पातेलं मोरीत नेलं आणि ओतलं. ओतलं ते सगळंच ओतलं! वरचं, खालचं, मधलं. मग रिकामं पातेलं घेऊन तिच्यासमोर उभा राहिलो आणि विचारलं, "झालं. आता चीक कुठंय?"

इथं मी पातेलं धरल्यासारखे हात करतो, मान तिरकी करतो आणि डोळे गोल करतो. इथं हशा येतोच. मग नूरभाभींचा आवाज काढतो: "या अल्ला! पूरा चीक मोरी में बहा दिये? भाईसाब, वो पानी नै था, वोईच तो कुरडई थी!" आणि मग त्या दिवशी आमच्या मोरीच्या तोंडाशी नालीत शेजारची शेळी कशी जिभल्या चाटत उभी राहिली आणि घरातल्या सगळ्या कुरडया तिनं एकटीनं खाल्ल्या, हे सांगतो. शेळी मी नंतर घातली. गोष्टीला शेवट लागतो.

अमोलराव हसून हसून खोकायला लागले. "मामा, मानलं तुम्हाला! मंग पुन्हा सांगितलं न्हाई ना मामींनी काही?"

"कधीच नाही," मी म्हणालो. "वीस वर्षं झाली. वाटीसुद्धा विसळू देत नाही मला."

"बघ," अमोलराव स्नेहलला म्हणाले. मग मला, खालच्या आवाजात, पुरुषांनी पुरुषाला सांगावं तसं, "मी पण तेच केलं मामा. हिनं चहा करायला सांगितला, दोनदा दूध फाडलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, राहू दे, तू बस. तुमचीच आयडिया."

स्नेहल हसली. तिच्या आईचं हसू जसंच्या तसं आहे तिच्यात: ओठ हसतात, आणि हात काहीतरी उचलायला जातो. तिनं पन्ह्याचे रिकामे पेले उचलले. अमोलरावांचाही उचलला. माझाही.

मला तो मुका सिनेमा पुन्हा दिसायला लागला. इतकी वर्षं अशा गोष्टींत मी नवऱ्याच्या तोंडाकडे बघत आलो. कारण बघायचं ते तिथंच असतं. पण शेवटी दारात उभी असलेली ती बाई नवऱ्याकडे बघतच नव्हती. ती घराकडे बघत होती. भिंतीवरची कणीक, चुलीवरचं वाळलेलं दूध, ओला झगा, एकेक करून बघत होती. आधी काय घ्यावं, असं तिच्या डोळ्यांत होतं. पेटी अजून हातातच होती. सिनेमा तिथं संपवला होता, आणि तो बरोबर जागी संपवला होता. पुढचं दाखवलं असतं तर कोण हसलं असतं?

पेले घेऊन निघालेली स्नेहल दारात थांबली.

"पण बाबा," ती म्हणाली, "ते गेलं कसं?"

"काय?"

"चीक. आज सकाळी मीच पाणी काढलं ना पातेल्यातलं. वरचं पाणी सगळं आपोआप पडलं, पण चीक खाली घट्ट बसला होता. पातेलं पूर्ण वाकडं केलं तरी हलेना. आईनं पळीनं खरवडून सुटा करायला लावला." ती खरंच विचारत होती. तिच्या आवाजात पकडण्याचा भाव नव्हता. नव्यानं काही शिकलेलं माणूस विचारतं तसं विचारत होती. "मग तुमच्या हातून तो पाण्यासोबत कसा काय गेला?"

वीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. पुरुषांनी विचारायचा प्रश्नच नाही. त्यांना पातेल्यात काय कुठं बसतं ते माहीत नाही. पण बाया? बारशाला जमलेल्या, साखरपुड्याला जमलेल्या, पदर तोंडाला लावून हसणाऱ्या माझ्या सगळ्या वहिन्या, मावशा, साळ्या? त्यांतल्या एकीनंही आयुष्यात कुरडई केली नव्हती असं थोडंच आहे? नूरभाभी तर त्या दिवशी रिकाम्या पातेल्यात वाकून बघत होत्या. हसत होत्या, आणि वाकून बघत होत्या.

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या हसत होत्या ते गोष्टीला नव्हे; कुणाचा तरी नवरा इतका सरळ खोटं बोलतो आणि वर टाळ्या मागतो, त्याला हसत होत्या. की त्यांना आपापल्या घरचं काही आठवत होतं, कोण जाणे.

"अगं, नीट बसला नसंल त्या वर्षी," सुनंदा पटकन म्हणाली. ती लसूण सोलत खाली बसली होती. "गहू कवळा असंल. बसतो कधी, न्हाई बसत कधी. जा तू, पेले ठेव, मी चहा टाकते."

तिनं मला वाचवलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

त्या सकाळी काय झालं ते मला लख्ख आठवतं. वरचं पाणी मी नीट ओतलं. पिवळसर, आंबूस, मोरीत गेलं. खाली चीक होता. गुळगुळीत, पांढरा, बोट ठेवलं तर ठसा उमटावा असा. दर वर्षी कढईतला गरम चीक वाटीत घेऊन तुपासाखरेशी खाणारा माणूस मी. चीक म्हणजे काय, हे मला सांगायला नको होतं. पण आता पुढं काय, तेही मला ठाऊक होतं. चुलीपाशी तासभर उभं राहून तो दांड्यानं घोटायचा, मनगट भरून येईपर्यंत. मग गरम गरम सोऱ्यात भरून गच्चीवर न्यायचा आणि एकेक कुरडई पाडायची. गच्चीवर. समोरच्या गच्चीवर आमचे हेडमास्तर सकाळी अंघोळ करून वर्तमानपत्र वाचत बसायचे. पलीकडच्या गच्चीवर माझ्याच वर्गातली पोरं पतंग उडवायची. त्या सगळ्यांसमोर मी लुंगी खोचून, साडीपुढं उकिडवा बसून सोऱ्या पिळणार. "सर कुरडया घालून राह्यले!" ही हाक मला मोरीत उभ्या उभ्या ऐकू आली.

बावळट म्हणवून घ्यायची मला लाज नव्हती. बायकांचं काम करताना दिसायची होती.

मी पातेल्यात हात घातला. गार होता चीक. बोटांनी बुडापासून खरवडला, वर तांब्याभर पाणी ओतलं, ढवळलं, आणि वाकवलं. दुधासारखा गेला तो. मोरी पांढरी झाली. मग हात धुतला. लुंगीला पुसला. रिकामं पातेलं उचललं आणि तोंड तयार केलं.

सुनंदा हसली होती त्या दिवशी. सगळ्यांत आधी तीच हसली. मग तिनं डब्यात हात घालून उरलेला गहू चाचपला, आणि दुपारीच पुन्हा भिजत घातला. चार दिवसांनी मी पेपर तपासायला शाळेत थांबलो. तसं थांबायची गरज नव्हती. संध्याकाळी घरी आलो तर गच्चीवर साडी पसरलेली आणि साडी भरून कुरडया. नूरभाभींनी सोऱ्या दाबला होता. पण घोटलं कुणी, हे मी विचारलं नाही. सुनंदाचं प्लास्टर कडेनं ओलं आणि मऊ झालं होतं, त्यावर चिकाचे पांढरे ओघळ वाळले होते. "पाणी उडालं," ती म्हणाली. मी "बरं" म्हणालो. बहिणीच्या रुखवतात त्या कुरडयांचं कौतुक झालं, आणि त्याच मांडवात मी ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली. शेळीसकट.

प्लास्टर निघालं तेव्हा डॉक्टरांनी मनगट उलटंपालटं करून पाहिलं. "हात वापरला होता का मधे?" त्यांनी विचारलं. "न्हाई हो, पुन्हा एकदा पडले," सुनंदा म्हणाली. हाड जरा तिरकं बसलं आहे. करंगळीच्या बाजूला एक उंचवटा आहे, बांगडी तिथं अडते. तिला बरणीचं झाकण फिरवता येत नाही, ओली चादर पिळता येत नाही. ती बरणी न बोलता माझ्यापुढं धरते, मी झाकण उघडतो, आणि पाहुण्यांसमोर म्हणतो, "बघा, घरात माझा एवढा तरी उपयोग आहे." यावरही हशा येतो.

हे सगळं आठवायला कितीसा वेळ लागतो? सुनंदा उठत होती. उठताना ती उजवा हात जमिनीला टेकत नाही, डावा टेकते. अमोलराव मान डोलावत म्हणत होते, "हां, गहू कवळा असला की होत असंल तसं." आणि स्नेहल पेले घेऊन उभी होती, चार पेले, दोन्ही हातांत दोन दोन. हिला आता आयुष्यभर कोण चहा करून देणार, असं काहीतरी माझ्या मनात आलं. फार मोठं नव्हतं काही. चहापुरतंच होतं.

"गहू चांगला होता," मी म्हणालो. "चीक बसला होता खाली. मी हातानं खरवडला आणि ओतून दिला."

अमोलराव मोठ्यानं हसले. त्यांना वाटलं, गोष्टीचा हा आणखी एक शेवट आहे. एकटेच हसत होते बिचारे. मग त्यांना आपला आवाज ऐकू आला, आणि ते हळूहळू थांबले.

"मुद्दाम," मी म्हणालो. "गच्चीवर बसून कुरडया घालायची लाज वाटली मला. अमोलराव, ती आयडिया नव्हती. तिचं हाड तिरकं बसलंय त्यानं."

कूलर घरघरत होता. स्नेहलनं आईच्या हाताकडे पाहिलं, जणू आज पहिल्यांदा पाहत होती. मी सुनंदाकडे पाहू शकलो नाही. लसणाच्या टरफलांकडे पाहत होतो.

"एका हातानं का दोन्ही?" सुनंदानं विचारलं.

मला कळेना. "काय?"

"खरवडला, तो एका हातानं का दोन्ही हातांनी?"

"एकानं पातेलं धरलं. दुसऱ्यानं खरवडला."

"हां," ती म्हणाली. बराच काळ न जुळणारी गोष्ट जुळावी तशी. "तरीच. एका हातानं निघत न्हाई तो. प्लास्टर होतं तेव्हा मी पाह्यलं होतं करून."

मग ती जिना चढून वर गेली. मागोमाग मी गेलो. ऊन उतरणीला लागलं होतं तरी गच्ची तापलेली होती, पाय ठरत नव्हते. ती वाकून एकेका कुरडईची कड बोटानं उचलून पाहत होती, खालून सुकली का ते.

"मी उलटू का?" मी विचारलं.

"नका. ओल्या हायत अजून. मोडतील तुमच्या हातून."

मी नुसता उभा राहिलो. काय करावं ते सुचेना, आणि तोंड कसं करावं तेही सुचेना. ओळ संपेपर्यंत तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मग कठड्याला टेकवलेली वेताची छडी उचलून तिनं माझ्या हातात दिली.

"कावळे येऊन राह्यले मघापासून," ती म्हणाली. "इथं बसा. हाकलत राहा."

हे काम आमच्याकडे शाळेत न जाणाऱ्या लहान पोरांना देतात. मी छडी घेतली आणि बसलो.